नवसाचा बोकड

सुभेदाराला येत्या रविवारी कापायचं की नाही, हे ठरवायला घरची माणसं पडवीत जमली, तेव्हा सुभेदार समोरच्या लिंबाला पाठ घाशीत उभा होता. नऊ वर्षांचा बोकड. शिंगं मागं वळून पुन्हा मानेकडं आलेली, दाढी छातीपर्यंत, आणि वारा फिरला की त्याचा वास पडवीत येऊन माणसांच्या मधोमध बसायचा.

नाव दादासोनं ठेवलेलं. दादासो म्हणजे अंबूबाईंचा थोरला मुलगा. तेव्हा तो पलटणीत नाईक होता आणि सुट्टीवर आला होता. पुढं तो हवालदार होऊन पेन्शनीवर घरी आला, त्यामुळं हुद्द्यानं घरात बोकडच मोठा राहिला. हा विनोद कुंडल गावात दोन वर्षं चालला. मग कुणी हसेना, पण नाव राहिलं.

बोकड नवसाचा होता आणि नवस अंबूबाईंनी बोलला होता. दादासोच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. राजेश्वरीची कूस उजवत नव्हती, म्हणून सांगलीच्या दवाखान्यात पहिलं टेस्ट ट्यूब केलं होतं. त्याच आठवड्यात अंबूबाई दोन महिन्यांचं करडू काखेला मारून शिवेवरच्या म्हसोबाला गेल्या, करडाच्या कपाळाला हळद लावली आणि म्हणाल्या, राजेश्वरीच्या पोटी नातवंड दे, त्याच्या जावळाला हाच कापते. बाकीच्या बायका नुसतं ‘बकरं देईन’ म्हणून मोकळ्या होतात. बकरं काय, बाजारात कधीही मिळतं. अंबूबाईंना मात्र देवाशी बोलताना पक्कं बोलायची सवय. त्या एका शब्दानं बोकड बांधला गेला. तो विकता येईना, खाता येईना, कुणाला देता येईना. देवाचं जनावर म्हणून त्याला खच्चीही करता येईना. दादासोच्या घरी पाळणा हलला नाही, पण सुभेदाराची पिलावळ पार पलूसपर्यंत पोचली. आसपासच्या बायका शेळी घेऊन यायच्या तेव्हा दावं धरायला राजेश्वरीच जायची, कारण बोकड तिचंच ऐकायचा. ती दावं धरून, तोंड दुसरीकडं करून उभी राहायची. शेळीवाली बाई हवापाण्याचं बोलायची. जाताना नारळ किंवा चार अंडी ठेवायची.

आता अडचण अशी झाली होती की जावळ निघालं होतं, पण दुसऱ्याच पोराचं. धाकट्या आकारामचा शिवतेज वर्षाचा होत आला होता. पहिल्या मुलीच्या वेळी जेवणं साधीच झाली होती, आता मुलगा म्हणून आकारामच्या सासऱ्यांनी पाटणहून दीडशे माणूस आणायचं ठरवलं होतं. आकारामची बायको माया हिनं चार दिवसांपूर्वी जेवताना सरळ विचारलं होतं, की सुभेदाराला घेऊ का. अक्कांचं, म्हणजे राजेश्वरीचं, झालं की त्यांच्यासाठी दुसरा आणू.

हे कानावर गेल्यावर नानासो आपणहून आले. नानासो अंबूबाईंचे थोरले दीर, वय ऐंशीच्या पुढं. भावकीतल्या कुठल्याही कामाला त्यांना बोलवावं लागत नसे. पांढरी टोपी, हातात काठी. आल्या आल्या खुर्ची लिंबापासून लांब घ्यायला लावली.

“नवसाचा बोकड उसना घेत्यात व्हय रं?” त्यांनी आकारामला विचारलं. “देवाला काय सांगनार, वैनीचं पोर यायचंय, तवर माझ्या पोराचं उरकून घेतो?”

आकाराम म्हणाला, तसं नाही नाना, पण तो म्हातारा झालाय. आज ना उद्या आपोआप जाईल, मग नवसाचंही राहील आणि जेवणाचंही.

“म्हातारा झाला तर झाला. माझ्यासारखं बसून खाईल.”

दादासो भिंतीला टेकून उकिडवा बसला होता. पलटणीत वीस वर्षं काढलेला माणूस, पण घरातल्या बैठकीत त्याची जागा कायम भिंतीजवळची. राजेश्वरी उंबऱ्याच्या आत चहाचा ट्रे घेऊन उभी होती आणि बाहेर कधी यावं याचा अंदाज घेत होती. अंबूबाई मधल्या खांबाशी बसल्या होत्या. त्यांना तिचा नुसता हात आणि ट्रेची कड दिसत होती. ट्रे हलत नव्हता.

मग नानासोंनी खरं काढलं. बोकड हे निमित्त होतं. त्यांचा जावई वीरधवल साताऱ्याला असतो. त्याच्या ओळखीत कुणी नवीन डॉक्टर आले होते, चाळिशीच्या पुढच्या बायकांचंही करतात, कुणाकुणाचं झालं त्याची नावं नानासोंनी गावासकट सांगितली. वीरधवलनं येत्या गुरुवारची अकराची वेळ घेऊनही ठेवली होती. गाडी तोच पाठवणार होता.

“चार येळा झालंय नाना,” दादासो म्हणाला.

“मग पाचवी येळ. पाच आकडा चांगला.”

अंबूबाईंच्या डोळ्यांसमोर चौथी वेळ आली. तीन वर्षांपूर्वीची. सुयांनी राजेश्वरीच्या पोटात पाणी झालं होतं, इतकं की तिला आडवं होता येईना. अकरा दिवस ती दवाखान्यात उशांना टेकून बसून होती. तिसऱ्या वेळी निदान दिवस राहिले होते, आणि दोन महिने सगळ्यांनी हळू आवाजात बोलून काढले होते. चौथ्या वेळी तेही नाही. घरी आल्यावर तिनं पहिलं काय केलं, तर परड्यात जाऊन बोकडाला पाणी दाखवलं. त्यानंतर महिन्यातल्या एका गुरुवारी दोघं नवरा-बायको तपासणीला सांगलीला जात. सकाळी सातच्या एसटीनं जायचं, दिवेलागणीला यायचं. अंबूबाई जाताना म्हसोबाचा अंगारा पुडीत बांधून देत. काय झालं हे त्या विचारत नसत आणि ती दोघं सांगत नसत.

राजेश्वरी चहा घेऊन बाहेर आली. डोक्यावर पदर. पहिला कप नानासोंना, मग अंबूबाईंना, मग दिराला, शेवटी नवऱ्याला. ट्रे रिकामा झाल्यावर ती आत गेली नाही. ट्रे काखेला धरून उभी राहिली.

“भावजी, बोकड न्या तुमी,” ती आकारामला म्हणाली. “आमी थांबलोय.”

नानासोंना वाटलं, आपल्याला कमी ऐकू येतंय. त्यांनी अंबूबाईंकडं बघितलं.

“थांबलोय म्हंजे?” आकारामनं विचारलं.

“म्हंजे आता करायचं न्हाई. दीड वर्स झालं.”

“आगं पर तुमी दर महिन्याला सांगलीला जाताय की.”

पुढचं सांगायचं काम राजेश्वरीनं नवऱ्यावर सोडलं. दादासोनं चहाचा कप खाली ठेवला.

“घाटावर बसतो,” तो म्हणाला.

“दिसभर?”

“न्हाई. दोन वाजता भेळ खातो.”

लिंबाखाली सुभेदारानं शिंग बुंध्यावर आपटलं. दादासोला कुणी काही विचारलं नव्हतं, तरी तो रिपोर्ट दिल्यासारखा सांगत गेला. दीड वर्षापूर्वी एका गुरुवारी डॉक्टरीणबाईंनी खुर्ची पुढं घेतली होती. म्हणाल्या, अजून एकदा करता येईल, मी नाही म्हणणार नाही, पण तुम्ही दोघं एकमेकांना विचारा. दोघं बाहेर आली आणि नदीकडं गेली. घाटावर बसली. विचारलं काहीच नाही. संध्याकाळी एसटीत बसल्यावर राजेश्वरी म्हणाली, बरं वाटतंय. बास, एवढंच झालं. पुढच्या महिन्यात गुरुवार आला, आईनं अंगारा बांधला, मग कसं सांगायचं? म्हणून गेलो. पुन्हा पुढच्या महिन्यात गेलो.

“अंगारा?” अंबूबाईंनी विचारलं. इतक्या वेळात त्या पहिल्यांदा बोलल्या.

“नदीत सोडत होतो, आत्या,” राजेश्वरी म्हणाली. “इकडंतिकडं टाकला न्हाई कदी.”

“आन् बोकडाचं काय?”

“त्याच्याचपायी तर सांगितलं न्हाई. आमी थांबलो म्हनलं की तुमचा नवस मोडला. देवापुढं तुमी खोट्या पडनार.”

नानासोंनी काठी जमिनीवर टेकवली. ते चिडले नव्हते. काम अर्धवट सोडलेलं बघून कुठलाही जुना माणूस होतो तसे ते अस्वस्थ झाले होते. म्हणाले, असं मधेच थांबत असतात का, शेवटपर्यंत करायचं असतं, यश देणारा वर बसलाय. पोरगी थकली असेल तर महिनाभर माहेरी जाऊन येऊ दे, पण गुरुवारची वेळ घेतलीय तर जाऊन तरी या. बघायला काय जातंय.

राजेश्वरीनं दादासोकडं बघितलं. दादासोनं आईकडं बघितलं. आकाराम शिवतेजला मांडीवर घेऊन बसला होता. तो पोराच्या जावळाकडं बघायला लागला. सगळं फिरून अंबूबाईंपाशी येऊन थांबलं, कारण नवस त्यांचा होता. बोललेला नवस दुसऱ्या कुणाला मागं घेता येत नाही.

अंबूबाईंना त्या वेळी आठवल्या त्या हौसाक्का. नानासोंची पहिली बायको. अंबूबाई लग्न होऊन या घरात आल्या तेव्हा हौसाक्का तिशीच्या होत्या आणि नानासोंनी दुसरी करून दोन वर्षं झाली होती. दुसरीला पहिल्याच वर्षी मुलगा झाला. त्याला न्हाऊमाखू हौसाक्काच घालायच्या. त्यांचे मंगळवार मात्र चालू. मंगळवारी पहाटे विहिरीवर डोक्यावरून पाणी घ्यायचं, ओलेत्यानं पिंपळाला फेऱ्या मारायच्या, दिवसभर पाण्यावर राहायचं. सवत बाळंतीण असली की तिचा डिंकाचा लाडू वळायचा, स्वतः तोंडात घालायचा नाही. केस पांढरे झाले, गुडघे गेले. पाळी जाऊन वर्षं झाली तरी मंगळवार सुटला नाही. एकदा ओढ्यावर धुणं धुताना अंबूबाईंनी विचारलं होतं, अक्का, आता कशाला गं? हौसाक्कांनी धुणं पिळून दगडावर ठेवलं. त्या काय म्हणाल्या ते अंबूबाईंनी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. सांगण्यासारखं कारणच पडलं नव्हतं.

“भावजी,” त्या म्हणाल्या, “हौसाक्का मंगळवार कवापतूर धरत हुत्या, ठावं हाय?”

नानासोंनी कप तोंडाकडं नेला.

“मरायच्या आदल्या मंगळवारपतूर. मी इचारलं हुतं त्यास्नी, सोडत का न्हाईसा म्हनून. म्हनल्या, मला कुनी सोड म्हनलं न्हाई.”

नानासोंच्या हातात कप तसाच राहिला. चहावर साय धरली.

“ती आपल्या मनानं करायची,” ते म्हणाले.

“व्हय. आपल्याला बी तसंच वाटायचं.” अंबूबाई उठल्या. उठताना त्यांनी खांबाला हात टेकला. “राजे, सोड तू. मी सांगतीया. म्हसोबाचं मी बघते.”

राजेश्वरी ट्रे घेऊन आत गेली. आतून बराच वेळ भांडी घासल्याचा आवाज येत राहिला. घासायला एवढी भांडी नव्हती. थोड्या वेळानं पडवीच्या टोकाला बसलेली माया उठून आत गेली आणि मग भांड्यांचा आवाज दोन बायकांचा झाला. या दोघी जावा दोन वर्षं एकमेकींशी कामापुरतं बोलत होत्या. का, ते दोघींनाही नीट सांगता आलं नसतं. नानासो निघून गेल्यावर अंबूबाई पाणी प्यायला आत गेल्या, तेव्हा माया जावेला म्हणत होती, “बोकड कुनाला पायजे हुता, अक्का? चार कुकर फुटतील पर त्यो शिजायचा न्हाई. तुमी कवा बोलताय ते बघत हुते. तुमच्या पिशवीत दवाखान्याचा कागद दिसंना, नुस्ती भेळंची चुरमुरं दिसत्यात, वर्स झालं.”

अंबूबाई पाणी न पिताच बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी सकाळी त्या राजेश्वरीला आणि सुभेदाराला घेऊन शिवेवर गेल्या. म्हसोबा म्हणजे उसाच्या बांधावर शेंदूर फासलेला दगड, वर पत्र्याचं छप्पर. पूजेला अर्जुना गुरव. त्यानं बोकड बघितला आणि सुरी आणायची का म्हणून विचारलं.

“कापायला न्हाई आलो,” अंबूबाई म्हणाल्या. “नवस मोडायला आलोय.”

अर्जुना पेचात पडला. त्याच्या बापानं त्याला नवस कसा बोलायचा आणि कसा फेडायचा हे शिकवलं होतं. फिटला तर नारळ किती, उशीर झाला तर दंड काय, सगळं त्याला पाठ होतं. मोडायचं काही नव्हतं. “आत्ती, झालेला नवस फेडत्यात. न झालेला हाय तसाच ऱ्हातो. पायजे तर कौल लावू. दोन फुलं चिकटवतो. उजवं पडलं तर सोडा, डावं पडलं तर अजून थांबा.”

“मी इचारायला आली न्हाई, अर्जुना. सांगायला आलीया.”

मग त्या दगडापुढं बसल्या. हात जोडले आणि नेहमीच्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तसं बोलल्या. “तुला थोरलीच्या पोटी नातवंड मागितलं हुतं. तू दिलं न्हाईस. तुजी कायतरी अडचन आसंल. आता मागत न्हाई. सुनंला मी मोकळी केलीया, तिच्यावर राग धरू नगंस. धरायचा तर माज्यावर धर, मी जवळच ऱ्हाते.” त्यांनी नारळ ठेवला. अर्जुनानं तो फोडावा की नाही याचा विचार केला आणि शेवटी फोडला.

तेवढ्यात सुभेदारानं देवापुढचा झेंडूचा हार खाल्ला. राजेश्वरी ओढायला गेली तर अंबूबाईंनी हातानंच राहू दे म्हटलं. त्यांनी स्वतः त्याच्या गळ्यातलं दावं सोडलं. तो आता कुणाचा नव्हता. हार संपल्यावर त्यानं इकडंतिकडं बघितलं आणि आपल्या आपण घराच्या वाटेला लागला. दोघी त्याच्या मागून निघाल्या.

वाट कालव्यापाशी आली. मग राजेश्वरीनं विचारलं, “आत्या, तुमाला वाईट वाटलं?”

“व्हय. लय वाटलं.”

“मला बी.”

कालव्याला पाणी सुटलं होतं. दोघी पुलावर थांबल्या. अंबूबाई म्हणाल्या, “दोन वर्सं झाली, मी बी म्हसोबाला नुस्ते हात जोडत हुते. मागत न्हवते काय.”

“मग अंगारा?”

“तुला वाटंल म्हातारीनं आशा सोडली. म्हनून बांधत हुते.”

राजेश्वरीनं सासूकडं बघितलं. तिला हसू आलं असावं किंवा रडू. ती कठड्यावर वाकून पाण्याकडं बघत राहिली, त्यामुळं अंबूबाईंना ते कळलं नाही. त्यांनी वाकून बघितलंही नाही. सतरा वर्षांत या पोरीला घरात एकटीनं वाकायला जागा मिळाली नव्हती, हे त्यांना तेव्हा समजलं. बोकड पुढं जाऊन वळणावर दिसेनासा झाला, तरी दोघी तिथंच उभ्या होत्या.

बुधवारी रात्री जेवणं झाल्यावर दादासोनं आईला विचारलं, उद्या साताऱ्याची गाडी आली तर काय सांगायचं. अंबूबाई म्हणाल्या, वीरधवलला आत्ताच फोन लाव आणि गाडी पाठवू नको म्हण. त्यानं लावला. वीरधवल बरं म्हणाला. त्याच्या आवाजावरून त्याला सुटल्यासारखं झालं होतं.

गुरुवारी पहाटे अंबूबाई उठल्या तेव्हा राजेश्वरी चुलीपाशी रोजच्या लुगड्यात बसली होती.

“तुमची सांगलीची तारीख न्हवं आज?” अंबूबाईंनी विचारलं.

“आता कशाला जायाचं, आत्या? समद्यास्नी कळलंय. काम काय तिथं?”

“इतकी वर्सं कामानं गेलासा. आता बिनकामाचं जावा.”

राजेश्वरी बसून राहिली. अंबूबाईंनी तिच्या हातातली फुंकणी काढून घेतली. मग ती उठली. पावणेसातला दोघं फाट्याकडं गेली. दादासोनं इस्त्रीचा शर्ट घातला होता. राजेश्वरीनं दसऱ्याची हिरवी साडी नेसली होती. या खेपेला अंबूबाईंनी पुडी बांधली नाही. शेजारच्या मंगलनं भिंतीवरून विचारलं, कसं काय, आज एवढं नटून दवाखान्यात? राजेश्वरीनं काय उत्तर दिलं ते ऐकू आलं नाही, पण मंगल बराच वेळ भिंतीपाशी उभी होती.

अकरा वाजता फोन वाजला. अंबूबाई दळण निवडत होत्या. त्यांनी सूप बाजूला ठेवून फोन घेतला. नानासो होते.

“वीरधवल म्हनतोय गाडी नगं म्हनला तुमी,” ते म्हणाले. “दादासो कुठं हाय?”

“घरात न्हाई.”

“आन् सून?”

“दोगंबी सांगलीला गेल्यात.”

पलीकडं जरा आशेचा आवाज आला. “दवाखान्यात?”

“न्हाई. फिराय.”

“फिराय?” नानासोंनी तो शब्द तपासून बघितला. ऐंशी वर्षांत त्यांच्या घरातलं कुणी बायकोला घेऊन नुसतं फिरायला गेलं नव्हतं. ते स्वतः तर नाहीच, दोन बायका असून. “कशाला?”

“नदी बघाय.”

बराच वेळ फोनमधून नुसता श्वास येत होता. अंबूबाईंना वाटलं, आता ते काही म्हणणार. हौसाक्काचं नाव घेतील असंही एकदा वाटून गेलं. त्या थांबल्या.

“पानी हाय का नदीला?” नानासोंनी विचारलं.

“आसंल की,” अंबूबाई म्हणाल्या. “आल्यावर सांगत्याल ती.”